पाठविलेले पत्र अडते कोठे?



शिष्यवृत्तीचा अर्ज, महाविद्यालयातील प्रवेशाची चौकशी, गुणपत्रिकेची प्रत, आखातात किंवा जहाजावर नोकरीस असलेल्या भावाला धाडावयाची कागदपत्रे, ही कामे आज पुष्कळ अंशी ईमेलने होतात. पूर्वी त्यासाठी टपाल कचेरीत जाऊन रांगेत उभे राहावे लागे. आणि पत्र महत्त्वाचे असले तर ते रजिस्टर करून त्याची पावती जपून ठेवावी लागे. ईमेलने ही यातायात संपविली खरी, परंतु पावती जपण्याची सवयही तिच्याबरोबर गेली. बटण दाबले की पत्र गेले, अशी आपली समजूत होऊन बसली आहे. मग मुदत उलटल्यावर "आम्ही तर पाठविले होते" असे एकाने म्हणावे आणि "आमच्याकडे आलेच नाही" असे दुसऱ्याने सांगावे, असा प्रसंग ओढवतो. दोघेही खरेच बोलत असतात. पत्र मध्येच कोठेतरी अडलेले असते, आणि त्यापायी एखाद्याचे वर्ष फुकट जाते.

पत्र कोठे अडले हे शोधून काढण्यास संगणकशास्त्राची पदवी लागत नाही. थोडी माहिती आणि क्रमाने विचार करण्याची सवय एवढी पुंजी पुरते. प्रस्तुत लेखात आम्ही प्रथम ईमेलचा मार्ग सांगू, आणि मग त्या मार्गावरील अडचणी कशा ओळखाव्या याचा विचार करू.

पत्राचा मार्ग

संगणकांच्या जाळ्यातून एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर पत्र पाठविण्याचा पहिला यशस्वी प्रयोग अमेरिकेतील रे टॉमलिन्सन या अभियंत्यांनी १९७१ साली केला. माणसाचे नाव आणि त्याच्या संगणकाचे नाव ही वेगळी ओळखू यावीत, म्हणून त्यांनी दोहोंच्या मध्ये 'ॲट' हे चिन्ह घातले. पुढे १९८२ साली जॉन पोस्टेल या शास्त्रज्ञांनी, संगणकांनी एकमेकांस पत्र कसे सुपूर्द करावे याचे नियम लिहून काढले. त्या नियमावलीस 'एसएमटीपी', म्हणजे सिंपल मेल ट्रान्सफर प्रोटोकॉल, असे नाव आहे. तीत वेळोवेळी भर पडली, तरी तिचा सांगाडा आजही तोच आहे.

तुम्ही बटण दाबता तेव्हा पत्र थेट मित्राकडे जात नाही. ते प्रथम आपल्या ईमेल-सेवेच्या सर्व्हरकडे जाते. सर्व्हर म्हणजे अहोरात्र चालू राहून इतर संगणकांची कामे करून देणारा संगणक. आपल्या गावची टपाल कचेरीच म्हणा ना! हा सर्व्हर तुमचे नाव व पासवर्ड तपासतो आणि पत्र ताब्यात घेतो. नंतर तो पत्त्यातील 'ॲट' चिन्हापुढचा भाग वाचतो. त्या भागास डोमेन म्हणतात. कोणत्या डोमेनची पत्रे कोणत्या सर्व्हरकडे द्यावयाची, याची नोंद 'डीएनएस' नावाच्या जगद्व्यापी नोंदवहीत असते.

याला आपल्याकडील पिन कोडची उपमा चांगली लागू पडते. १५ ऑगस्ट १९७२ रोजी भारतात सहा आकडी पिन कोड सुरू झाला. त्याची योजना श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्यांनी आखली. ते संस्कृत भाषेचे कवीही होते. एकाच नावाची अनेक गावे आणि निरनिराळ्या लिप्यांत लिहिलेले पत्ते यांमुळे टपालखात्यात जो घोळ होई, तो या आकड्यांनी कमी केला. ४०३ ने आरंभ होणारा पिन दिसला की पत्र गोव्याकडे आणि ५९० ने आरंभ होणारा दिसला की बेळगावकडे, हे गावाचे नाव न वाचताही कळते. डोमेनचे कार्य याच स्वरूपाचे आहे. ते चुकले तर पत्र भलत्याच दारी जाते, किंवा त्यास दारच सापडत नाही.

यानंतर आपला सर्व्हर पलीकडच्या सर्व्हरशी संभाषण करतो. "हे पत्र अमक्याचे आहे, तमक्यासाठी आहे, घेता काय?" असे तो विचारतो, आणि पलीकडचा सर्व्हर तीन आकडी अंकाने उत्तर देतो. २५० म्हणजे 'मान्य आहे'. येथे नियमावलीतील एक तत्त्व ध्यानात घेण्याजोगे आहे. सबंध पत्र घेऊन ज्या सर्व्हरने २५० असे उत्तर दिले, त्याच्यावर त्या पत्राची जबाबदारी येते. त्याने ते पुढे पोहोचवावे, नाहीतर पोहोचविता आले नाही असे पाठविणाऱ्यास कळवावे. जबाबदारी अशी एका हातातून दुसऱ्या हातात जाते. मध्ये ती कोणाचीच नाही, असा क्षण नियमाप्रमाणे येऊ नये.

म्हणून पत्र पोहोचले नाही असे कळताच पहिला प्रश्न असा विचारावा: पत्र या घटकेस कोणाच्या ताब्यात आहे? या प्रश्नाची चार उत्तरे संभवतात. ती आता एकेक पाहू.

पहिली स्थिती: पत्र आपल्याच घरी आहे

पत्र 'आउटबॉक्स' नावाच्या कप्प्यात पडून असेल, तर ते आपल्या यंत्रातून बाहेरच गेलेले नाही. अशा वेळी पलीकडच्या माणसास दोष देण्यात अर्थ नाही. प्रथम इंटरनेटची जोडणी चालू आहे काय हे पाहावे.

पुष्कळजण येथे म्हणतात, "जोडणी आहे, नवी पत्रे येत आहेत, मग जात कशी नाहीत?" कचेरीत आवक आणि जावक यांच्या नोंदवह्या वेगळ्या असतात हे तुम्हांस ठाऊक असेल. ईमेलमध्येही आवक आणि जावक यांची व्यवस्था वेगळी असते. संगणकावरील ईमेलच्या प्रोग्रॅममध्ये दोहोंसाठी सर्व्हरचे नाव, पोर्ट क्रमांक आणि पासवर्ड यांची स्वतंत्र नोंद करावी लागते. त्यामुळे एक बाजू चालते, एवढ्यावरून दुसरीही चालत असेल असे अनुमान काढता येत नाही.

पोर्ट क्रमांक म्हणजे टपाल कचेरीतील खिडकीचा क्रमांक समजा. २५ क्रमांकाची खिडकी सर्व्हरांच्या आपापसांतील व्यवहारासाठी आहे. तिचा उपयोग करून बिघडलेले संगणक नकोशी पत्रे लाखोंनी सोडू लागले, तेव्हा अनेक इंटरनेट कंपन्यांनी घरगुती जोडणीवर ती बंद केली. आपल्यासारख्यांसाठी ५८७ व ४६५ या खिडक्या आहेत. जुन्या संगणकावर २५ हा आकडा राहून गेला असेल, तर पत्र तेथेच अडते.

दुसरे कारण पासवर्डचे. फोनवर पासवर्ड बदलला आणि संगणकावर जुनाच राहिला, असे घरोघरी होते. सर्व्हर मग ५३५ या अंकाने उत्तर देतो. त्याचा अर्थ 'ओळख पटली नाही'. शिवाय गूगलने ३० मे २०२२ पासून वैयक्तिक खात्यांसाठी, केवळ नाव व नेहमीचा पासवर्ड घेऊन आत येणाऱ्या जुन्या प्रोग्रॅमना प्रवेश बंद केला. अशा प्रोग्रॅमसाठी खात्यास दुहेरी पडताळणी लावून सोळा अक्षरी स्वतंत्र ॲप पासवर्ड घ्यावा लागतो. नव्या प्रोग्रॅममध्ये गूगलच्याच पानावर जाऊन संमती देता येते.

तिसरे कारण चमत्कारिक वाटेल: संगणकाचे चुकलेले घड्याळ. सर्व्हरशी होणारे बोलणे गुप्त राहावे म्हणून सर्व्हर आपले प्रमाणपत्र दाखवितो. त्यावर मुदतीच्या तारखा असतात. बॅटरी संपलेल्या जुन्या संगणकात काही वर्षांपूर्वीची तारीख दिसत असेल, तर खरे प्रमाणपत्रही त्यास अवैध वाटते व तो बोलणे तोडतो. तारीख दुरुस्त करताच पत्र निघून जाते.

चौथे कारण जागेचे. गूगलच्या विनामूल्य खात्यात ईमेल, छायाचित्रे व इतर फाइली मिळून १५ जीबी जागा असते. ती भरली की नवी पत्रे येत नाहीत आणि आपली जातही नाहीत.

जोडलेल्या फाइलीचे वजन

पाचवे कारण सोबत जोडलेल्या फाइलीचे. जीमेलमधून २५ एमबीपर्यंतचे पत्र पाठविता येते. तथापि २२ एमबीची फाइल एखाद्या प्रोग्रॅममधून पाठविली तर ती नाकारली जाऊ शकते, आणि पाठविणारा बुचकळ्यात पडतो. याचे कारण जुन्या नियमांत आहे. १९८२ च्या नियमांप्रमाणे ईमेलमधून केवळ इंग्रजी अक्षरे, अंक व चिन्हे जात. चित्रे, ध्वनी किंवा आपली देवनागरी अक्षरे पाठविण्याची सोय १९९२ साली 'माइम' या नियमावलीने करून दिली. तीनुसार फाइलीतील दर ३ बाइट ४ साध्या चिन्हांत लिहून पाठवितात. म्हणजे वजन एक तृतीयांशाने वाढते.

हा त्रैराशिकाचा हिशेब तुम्ही स्वतः करून पाहा. १८ एमबीची फाइल वाटेत २४ एमबीची होते. २२ एमबीची फाइल २९ एमबीच्या वर जाते. म्हणून फाइल १८ एमबीच्या आत ठेवणे इष्ट. पलीकडच्या सर्व्हरची मर्यादा याहून कमी असू शकते, हेही विसरू नये. गुणपत्रिकेचे छायाचित्र फोनने काढले तर ते अकारण मोठे होते. तेच लहान आकाराच्या पीडीएफमध्ये केले तर वाचणाऱ्याचीही सोय होते.

दुसरी स्थिती: पत्र परत आले

पत्र 'सेंट' कप्प्यात गेले, म्हणजे आपल्या सर्व्हरने ते स्वीकारले, एवढेच सिद्ध होते. त्यानंतर थोड्या वेळात इंग्रजीत लिहिलेले एक रुक्ष पत्र येते. ते पाहून पुष्कळजण घाबरतात व न वाचताच खोडून टाकतात. वस्तुतः तेच सर्वांत उपयोगाचे पत्र होय. टपालवाला परत आलेल्या पाकिटावर 'पत्ता अपुरा' किंवा 'मालक गाव सोडून गेले' असा शेरा मारतो, तसाच हा शेरा आहे.

त्यातील तीन आकडी अंक शोधावा. पहिला आकडा ५ असेल तर नकार कायमचा आहे. तेच पत्र तसेच पुन्हा पाठवून उपयोग नाही. त्याच्या शेजारी बहुधा टिंबांनी तोडलेले तीन अंक असतात. त्यांतील मधला अंक कारणाचा वर्ग सांगतो: १ असेल तर पत्त्याचा दोष, २ असेल तर पेटीचा, ७ असेल तर सुरक्षेचा किंवा धोरणाचा. उदाहरणार्थ, ५.१.१ म्हणजे त्या नावाची पेटीच नाही, ५.२.२ म्हणजे पेटी भरली आहे, ५.७.१ म्हणजे हे पत्र स्वीकारण्यास परवानगी नाही.

पत्त्याचा दोष आपल्या लोकांत फार आढळतो, आणि त्यास कारण आहे. आपली नावे रोमन लिपीत लिहिण्याची एकच रीत नाही. नाईक, देसाई, शिरोडकर ही आडनावे दोन घरांत दोन तऱ्हेने लिहिलेली दिसतील. फोनवर ऐकताना 'एम' आणि 'एन', 'बी' आणि 'डी' यांत घोटाळा होतो. कोणी 'डॉट कॉम'च्या जागी 'डॉट कॉन' लिहितो. कोणाच्या पत्त्याच्या शेवटी पूर्णविराम चिकटून राहतो. म्हणून पत्ता ऐकून लिहू नये. तो लेखी मागवावा किंवा त्या माणसाचे जुने पत्र उघडून त्यासच उत्तर द्यावे.

धोरणाचा नकार शाळा, मंडळे व संस्था यांस अधिक जाणवतो. पत्रावरील नाव खोटे नाही हे पटविण्यासाठी संस्थेच्या डोमेनवर एसपीएफ, डीकेआयएम व डीमार्क या नोंदी कराव्या लागतात. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल व याहू या कंपन्यांनी हे नियम अधिक कडक केले. ज्या संस्थेची पत्रे एकाएकी परत येऊ लागली असतील, तिने आपल्या डोमेनची व्यवस्था पाहणाऱ्यास या तीन नोंदींविषयी विचारावे. तसेच वैयक्तिक जीमेल खात्यावरून एका दिवसात ५०० हून अधिक जणांस पत्र पाठविता येत नाही. स्नेहसंमेलनाची निमंत्रणे एकदम धाडणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

तिसरी स्थिती: पत्र वाटेत थांबले आहे

शेऱ्यातील अंकाचा पहिला आकडा ४ असेल, तर नकार तात्पुरता आहे. पलीकडचा सर्व्हर बंद असेल किंवा कामात गढलेला असेल. काही सर्व्हर तर अनोळखी सर्व्हरला मुद्दाम 'थोड्या वेळाने या' असे सांगतात. कारण नकोशी पत्रे सोडणारे बहुधा परत येत नाहीत, प्रामाणिक सर्व्हर येतो. अशा वेळी आपल्याला काही करावे लागत नाही. आपला सर्व्हर स्वतःच पुन्हा प्रयत्न करीत राहतो. २००८ च्या सुधारित नियमावलीनुसार दोन प्रयत्नांत सामान्यतः निदान ३० मिनिटांचे अंतर असावे, आणि निदान ४ ते ५ दिवस प्रयत्न सोडू नये.

यातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. अधीर होऊन तेच पत्र दहा वेळा पाठवू नये. कारण मग पलीकडे दहाही प्रती पोहोचतात आणि पाठविणाऱ्याविषयी संशय वाढतो. दुसरी अधिक महत्त्वाची: नियमाप्रमाणे वागणारे पत्रसुद्धा काही दिवस उशिरा पोहोचू शकते. म्हणून शेवटच्या दिवशी सायंकाळी पाच वाजता मुदत असलेला अर्ज साडेचारला पाठविणारा आपले भवितव्य दैवावर सोपवितो.

चौथी स्थिती: पत्र गेले, पण सर्वत्र शांतता

पत्र परत आले नाही, शेरा नाही, उत्तरही नाही, ही स्थिती सर्वांत फसवी. पत्र बहुधा पोहोचलेले असते, पण 'स्पॅम' नावाच्या कप्प्यात. जीमेलमध्ये त्या कप्प्यातील पत्रे ३० दिवसांनी आपोआप नष्ट होतात. विषयाची ओळ कोरी, मजकूर शून्य आणि केवळ एक फाइल जोडलेली, असे पत्र यंत्रास संशयास्पद वाटले तर नवल नाही. माणसासही ते तसेच वाटते. दुसरी शक्यता अशी की चुकीचा पत्ता कोणा भलत्याचा खरा पत्ता निघाला, आणि पत्र त्या परक्याकडे पोहोचले. या स्थितीत संगणकाकडे पाहत बसू नये. सरळ फोन करून विचारावे.

परीक्षा कशी करावी

समजा, दहावीतील एका मुलीचा अर्ज जात नाही. तिने एकाच वेळी पासवर्ड बदलला, फाइल बदलली आणि पोर्टही बदलला, तर पत्र गेले तरी दोष कशात होता हे तिला कळणार नाही. शास्त्राच्या प्रयोगात आपण एका वेळी एकच गोष्ट बदलतो, तसेच येथे करावे. प्रथम स्वतःच्याच पत्त्यावर दोन ओळींचे साधे पत्र पाठवावे. ते आले, तर जावक व्यवस्था ठीक आहे. मग त्यास ती फाइल जोडून पुन्हा स्वतःस पाठवावे. आता अडले, तर दोष फाइलीत. तेही आले, तर भिन्न कंपनीचे खाते असलेल्या मैत्रिणीस पाठवावे. तेथेही पोहोचले, तर दोष त्या कार्यालयाच्या पत्त्यात किंवा पेटीत आहे. पहिलेच पत्र अडले, तर तेच पत्र ब्राउझरमधून खाते उघडून पाठवावे. तेथून गेले तर खाते निर्दोष, प्रोग्रॅमची मांडणी सदोष. चार-पाच पत्रांत, पंधरा मिनिटांच्या आत, निदान होते.

एक सावधगिरी

अडचणीत सापडलेल्या माणसास लुबाडणे सोपे असते. "तुमची पेटी भरली आहे, पत्रे थांबली आहेत, येथे पासवर्ड भरा" अशी खोटी पत्रे पुष्कळ फिरतात. खरा शेरा कधीही पासवर्ड मागत नाही. मदत करणाऱ्या शेजाऱ्यासही पासवर्ड सांगू नये; तो स्वतः टंकित करावा. आणि आपण न पाठविलेल्या पत्रांचे शेरे येऊ लागले, तर कोणी आपले नाव खोटे वापरीत आहे किंवा आपल्या खात्यात शिरला आहे असे समजून, पासवर्ड तत्काळ बदलावा व दुहेरी पडताळणी लावावी.

सारांश

विषयाची ओळ स्पष्ट लिहावी. मजकुरात आपले पूर्ण नाव व शाळा नमूद करावी. फाइल हलकी ठेवावी. मुदतीपूर्वी निदान आठवडाभर पत्र धाडावे. दोन दिवसांत पोच आली नाही तर फोनने चौकशी करावी. आणि परत आलेला शेरा जपून ठेवावा. पुढे वाद निघाला तर तारीख-वेळ असलेला तो शेरा हाच आपला पुरावा.

पालकांसही आमची विनंती आहे. घरात अर्ज धाडण्याचे काम मुलांकडे असते, त्यांनी बटण दाबले की "गेले ना?" असे विचारून आपण थांबतो. त्याऐवजी "पोच आली का?" असे विचारावे. सर्व्हरने पत्र स्वीकारताना जी जबाबदारी पत्करावी असा नियम आहे, तीच लिहिणाऱ्याचीही आहे: पत्र योग्य हाती पडल्याचे कळेपर्यंत आपले काम पुरे झाले असे मानू नये.

अभ्यासासाठी प्रश्न

१. एक फाइल १५ एमबीची आहे. ईमेलमधून जाताना तिचे वजन सुमारे किती होईल?

२. 'पत्रे येतात, पण जात नाहीत' असे एकाने सांगितले. तुम्ही त्यास कोणत्या तीन गोष्टी तपासावयास सांगाल?

३. परत आलेल्या शेऱ्यात ४५० हा अंक आहे. पत्र पुन्हा पाठवाल की थांबाल? कारण लिहा.